एकोणीस जाळी

“पट्टी खोटी आहे तुमची, साहेब,” आत्या म्हणाली, आणि धक्क्यावरची माणसं पुढे सरकली.

मत्स्य कार्यालयाचे साहेब उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात एक निमुळती पितळी पट्टी होती. पुढे अरुंद, मागे रुंद होत गेलेली, आणि तिच्यावर सुतासुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, खुणा. ओल्या जाळ्याच्या एका आसात, म्हणजे एका भोकात, ती सरकवायची आणि अडेल तिथली खूण वाचायची. सहा सुतांच्या खुणेपर्यंत गेली तर जाळं पास. ती पाचावर अडली होती. शेजारच्या आसातही पाच. साहेबांनी जाळं फिरवून पलीकडच्या बाजूला पट्टी घातली, तिथेही पाचच.

“आत्याबाई, पट्टी कालच आली आहे खात्याकडून. शिक्का आहे तिच्यावर.”

“शिक्का काय, माझ्या कपाळावरसुद्धा मारता येईल. ठेवा ते. दुसरं बघा.”

साहेबांनी दुसरं बघितलं. मग तिसरं. धक्क्यावर त्या सकाळी एकोणीस फेकजाळी ओली करून मांडली होती. एकोणीसही माझ्या आत्याच्या हातची. मी नोंदवही घेऊन बाजूला उभी होते. मत्स्य कार्यालयात टंकलेखिका म्हणून लागून मला सात महिने झाले होते आणि मी बावीस वर्षांची होते. एकोणीस वेळा मी एका रकान्यात ‘पाच’ लिहिलं. आज इतकी वर्षं झाली, पण एकाखाली एक लिहिलेले ते एकोणीस पाच मला अजून दिसतात.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत खिडकीच्या गजाला दोरा अडकवून ती दिवसभर जाळी विणायची. गळ टाकून मोठे मासे धरणाऱ्यांना रोज आमिष लागतं, आणि आमिषाचे बोटभर मासे धरायला फेकजाळं लागतं. ते फेकावं गळवाल्यांनी आणि विणावं आत्यानं, अशी तीस वर्षांची रीत होती. त्यामुळे माझीच काय, ती सगळ्या धक्क्याचीच आत्या झाली होती.

नियम येणार होता तो याच जाळ्यांसाठी. मसुदा मीच स्टेन्सिलवर काढला होता, म्हणून मला तो तोंडपाठ होता. आमिषाचं जाळं हातानंच फेकावं. शेंड्यापासून घेरापर्यंत नऊ फुटांहून लांब नसावं. आस ओला असताना सहा सुतांहून कमी नसावा. आमिषाच्या चार जातींखेरीज दुसरं काही सापडल्यास ते तिथल्या तिथे जिवंत पाण्यात सोडावं. पुलाच्या आणि खाडीचं पाणी अडवणाऱ्या दारांच्या शंभर पावलांत जाळं फेकू नये. प्रत्येक जाळ्यावर परवान्याच्या क्रमांकाचा बिल्ला असावा. हंगाम सुरू व्हायला सहा आठवडे होते, आणि छापायला द्यायच्या आधी एकदा जाळी बघून घ्यावीत म्हणून साहेब धक्क्यावर आले होते.

शेवटचं जाळं मोजून झाल्यावर एक गळवाला पुढे आला. त्याच्या मिशांमुळे सगळे त्याला बोका म्हणायचे. त्यानं आपलं जाळं उचललं आणि आत्याच्या पायांशी टाकलं.

“आत्या, हा नियम पाहिजे म्हणून कोण बोंबललं होतं? तू. आणि आता घरी कोण बसणार? आम्ही!”

हे मात्र खरं होतं. सहा महिन्यांपूर्वी नियम ठरवणाऱ्या समितीपुढे सुनावणी झाली तेव्हा आत्या आपणहून गेली होती. काही लोक मच्छरदाणीच्या कापडाची जाळी करून खाडीच्या तोंडाशी टाकत. त्यात आमिषाबरोबर मोठ्या माशांची पिल्लं मूठमूठ मरत. आत्यानं असल्या पिल्लांची एक काचेची बरणी भरून समितीच्या टेबलावर ठेवली होती. एका सदस्यानं नाकाला रुमाल लावून विचारलं, बाई, मग आस केवढा असावा? आत्या म्हणाली, “सहा सूत. माझ्या वडिलांचं माप आहे. माझ्या जाळ्यात पिल्लू अडकलेलं दाखवा, मी विणणं सोडते.” समितीनं तेच माप लिहून घेतलं. तिला दुसरं माप सांगणारं कुणी भेटलंच नाही.

 आत्यानं बोक्याचं जाळं उचललं, घडी घातली आणि डोक्यावर घेऊन चालू लागली. मी नोंदवही साहेबांच्या हातात कोंबून तिच्यामागे धावले.

ती घरी नाही गेली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सुताराचं दुकान होतं, तिथे गेली. कनवटीची बांबूची चपटी पट्टी काढून तिनं फळीवर ठेवली. हे तिचं विणायचं माप. प्रत्येक आसाला दोरा या मापाभोवती घ्यायचा आणि वरच्या कडेला गाठ मारायची, म्हणजे सगळे आस एकसारखे होतात. माझ्या आजोबांनी ते तासलं होतं.

“तुझा गुण्या लाव रे याला,” आत्या म्हणाली.

सुतारानं कान खाजवला. “आत्या, हे तुझं माप मी लहानपणापासून बघतोय. याला काय लावायचं?”

“लाव म्हटलं ना.”

त्यानं पोलादी गुण्याची, म्हणजे काटकोनी पट्टीची, कड मापाला लावली आणि दाराकडे धरली. दोन्ही टोकांना, जिथे बोटं धरतात आणि दोरा कधी लागत नाही, तिथे ती कड घट्ट बसली होती. मधे मात्र फट होती. त्या फटीतून रस्त्यावरचं ऊन दिसत होतं. तीस वर्षं नायलॉनचा दोरा एकाच जागी घासून बांबू झिजला होता. रोज इतका थोडा, की रोज हातात धरणारीला तो कळणंच शक्य नव्हतं. कापसाचा दोरा असता तर नसता झिजला, सुतार पुटपुटला.

“किती?” आत्यानं विचारलं.

“सूतभर. हवा तर जरा जास्तच धर.”

आत्या दुकानाच्या पायरीवर बसली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं नाही. तिनं फक्त माप उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, “साहेबाला मी उगाच बोलले.”

दोन दिवसांत धक्क्यावरच्यांनी आपापला तोडगा काढला. तोडगा सोपा होता. मसुदा अजून छापायला गेला नव्हता. समितीनं आत्याच्या शब्दावर सहा लिहिलं, तर आत्याच्याच शब्दावर पाचही होईल. अर्ज लिहिला गेला: पाच सुतांचा आसही पुरेसा आहे, जुन्या जाणकार विणकर बाईंचाही असाच अनुभव आहे. अठरा अंगठे आणि सह्या झाल्या. हा अर्ज मीच टंकला. बाबांनी सांगितलं म्हणून.

“ताई, सही कर,” बाबा रात्रीची ताटं वाढायच्या आधीच म्हणाले. ते पोस्टात होते, आणि कागदावर सही झाली की जगातली सगळी भांडणं मिटतात असं त्यांना मनापासून वाटे. “साहेब स्वतः म्हणालेत, बाईंनी लिहून दिलं तर मी पुढे पाठवतो. सोमवारच्या आत. एवढं सूतभर इकडचं तिकडे झालं तर समुद्र आटणार आहे का?”

“अठराच सह्या कशा? माणसं तर एकोणीस आहेत.”

“बोका म्हणाला, आधी तिची होऊ दे. मग माझी.”

आत्या हसली. “बोक्याला अक्कल आहे. तोंडच तेवढं वाईट.”

“आणि हिच्या नोकरीचा विचार कर,” बाबांनी माझ्याकडे बोट केलं. “उद्या लोक म्हणतील, कार्यालयात भाची बसवलीय आणि आत्यानं आमची जाळी बाद करवली.”

“माझं नाव पुढे करू नका हो बाबा,” मी म्हणाले. पण म्हणाले ते हळूच. खरं सांगायचं तर तिनं सही करावी असंच मला वाटत होतं.

आत्यानं कागद घडी करून डब्याखाली ठेवला. “उद्या सांगते. उद्या सकाळी मला खाडीवर घेऊन चल गं. बोक्याचं जाळं घे बरोबर.”

सकाळी ओहोटी होती. बायका जाळी फेकत नसत. फेकायला बंदी नव्हती, पण कुणी फेकत नसे. आत्यानं पदर खोचला, गुडघाभर पाण्यात शिरली आणि जाळं अंगावर घेतलं. थोडा घेर डाव्या कोपरावर, थोडा उजव्या हातात आणि शिशाच्या मण्यांची कड दातांत. अठ्ठावन्न वर्षांची बाई. कंबरेतून अशी फिरली की मला वाटलं आता पडते. जाळं मात्र गोल उघडून पाण्यावर पसरलं आणि मण्यांचा सरसर आवाज झाला.

“कुठे शिकलीस?” मी विचारलं.

“तुझे आजोबा गावाला गेले की. बघतेस काय, ये, धर.”

आम्ही जाळं वाळूवर ओढलं. आमिषाचे मासे उड्या मारत होते, चांदीच्या चुऱ्यासारखे. आत्यानं ते बाजूला केले आणि नुसते आस तपासायला लागली. मीही बसले. थोड्या वेळानं तिनं एका आसाकडे बोट केलं. त्यात एक पिल्लू डोक्यापर्यंत घुसून अडकलं होतं. कल्ल्यांमागे दोरा रुतला होता. पुढे सरकू शकत नव्हतं, मागे येऊ शकत नव्हतं. तिनं नखानं दोरा ताणून ते सोडवलं आणि पाण्यात टाकलं. ते पांढरं पोट वर करून तरंगलं. मग दुसरं पिल्लू, तिसरं. तिनं चार वेळा जाळं फेकलं, आणि आम्ही सत्तावीस पिल्लं सोडवली. त्यातली नऊ पोहून गेली.

“सहा सूत असता तर?” मी विचारलं.

“तर ही निसटली असती. आणि आमिष तेवढंच राहिलं असतं.” ती मनगटानं कपाळ पुसत उठली. “तीस वर्षं कुणी मला सांगितलं नाही बघ. सांगणार तरी काय? गडी माणसं जाळं झटकतात आणि चालायला लागतात. अडकलेलं कोण बघतंय? आणि मी घरात बसून बढाया मारते.”

“तू कुठे मुद्दाम केलंस?”

“म्हणून ती पोहायला लागणार आहेत का?”

आम्ही तशाच ओल्या कपड्यांनी कार्यालयात गेलो. साहेब चहा पीत होते. आत्यानं पदराच्या गाठीत बांधून आणलेला तो अर्ज त्यांच्यासमोर ठेवला आणि चार तुकडे करून पुन्हा त्यांच्यासमोरच ठेवला.

“सहाच राहू द्या. चूक मापाची आहे, नियमाची नाही. एकोणीस जाळी मी नवी विणून देईन. ज्याचं त्याला.”

साहेबांनी कप खाली ठेवला. भले गृहस्थ होते ते. “एका जाळ्याला किती दिवस लागतात तुम्हाला?”

“एकटीला पंधरा. ही शिकली तर बारा.”

“आत्याबाई, हंगामाला सहा आठवडे आहेत. तोपर्यंत तीन होतील. बाकीचे सोळा जण काय करणार? बाजारातून आणावं तर सहा सुतांचं जाळं कुणी करतच नाही.”

“त्याचंही बघितलंय,” आत्या म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “तो बिल्ल्याचा नियम वाच बरं.”

मी वाचला. प्रत्येक जाळ्यावर परवान्याच्या क्रमांकाचा बिल्ला असावा.

“एका जाळ्याला एकच बिल्ला, असं कुठं लिहिलंय का?”

साहेबांनी मसुदा माझ्या हातातून घेतला. पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. मग चष्मा काढला आणि हसायला लागले. “नाही लिहिलं.”

“मग एका जाळ्याला सहा बिल्ले बांधू. सहा जणांनी वार वाटून घ्यावेत. सातव्या दिवशी जाळ्याला सुट्टी; एकोणिसाव्यानं तेवढा एका जाळ्याचा सुट्टीचा दिवस घ्यावा. मी आहे ना, जसजशी जाळी होतील तसतसे बिल्ले सुटत जातील.”

“भांडतील हो.”

“भांडू द्या. एका जाळ्याला सहा दादले म्हटल्यावर भांडणारच!”

साहेबांनी तशी कार्यालयाची सूचना काढली. ती मीच टंकली आणि आयुष्यात मी टंकलेल्या कागदांत तेवढा एकच मला अजून शब्दशः आठवतो. क्रम ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. बोक्याची एकोणिसावी निघाली. तो चिठ्ठी उलगडून म्हणाला, “म्हणजे माझ्या नशिबी म्हातारपणीच जाळं!” आणि सगळे हसले. त्या दिवसांत धक्क्यावर कुणी हसलेलं ते पहिल्यांदाच.

लोहाराकडून आत्यानं पोलादाचं नवं माप करून घेतलं. पहाटे खिडकीशी बसायची, दिवे लागले की उठायची. मी कार्यालयातून आले की पदर खोचून तिच्याशेजारी. पहिले दोन महिने मी विणलेलं ती दुसऱ्या दिवशी उसवायची.

“अगं, गाठ आहे ही, का केसांचा गुंता?”

“घट्ट मारलीय की!”

“घट्ट मारलीयस, पण वर मारलीयस. मापाच्या कडेला हवी. कडेला. तुझ्या बापानंही असंच शिकून सोडून दिलं आणि पोस्टात जाऊन बसला.”

“मी ऐकतोय,” आतून बाबा म्हणायचे.

पुढे पुढे मात्र बाबा रविवारी शिशाचे मणी ओवायला बसू लागले. नियम बदलू दिला नाही म्हणून ते तिच्याशी एक महिना धड बोलले नव्हते, आणि मणी ओवतानाही बोलत नसत. ओवून झाले की वाटी तिच्याकडे सरकवायचे आणि ती ‘हं’ म्हणायची.

लोकांनी बोलायचं ते बोलूनच घेतलं. पहिल्या हंगामात जाळ्यावरून दोनदा मारामारी झाली. एकानं तर आमच्या दाराशी येऊन आत्याला नाही नाही ते ऐकवलं. ती गाठी मारत ऐकत राहिली आणि तो दमल्यावर म्हणाली, “तुझा नंबर सहावा आहे. पाचवं अर्ध्यावर आलंय. पाणी पितोस?” त्यानं पाणी प्यायलं. हंगामाच्या शेवटी आठ जाळी झाली होती. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी तेरा; आता तिचा हात पूर्वीइतका भरभर चालत नव्हता. प्रत्येक जाळं झालं की ती ते ओलं करून कार्यालयात आणायची आणि साहेबांना पट्टी काढायला लावायची. साहेब म्हणायचे, राहू द्या हो, तुमचं जाळं काय बघायचं. ती उभीच राहायची. शेंडा हातात धरून, जाळ्याचं पाणी फरशीवर गळत असताना, साहेब दहा ठिकाणी पट्टी घालून ‘सहा’ म्हणेपर्यंत.

सतरावं जाळं झालं तेव्हा तिला डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. गाठी ती बोटांनी बघायला लागली, यावरून मला कळलं. अठराव्या जाळ्याचा वरचा भाग तिनं केला. मग तिला ताप आला, छातीत पाणी झालं आणि आठ दिवसांत सगळं आटपलं. शेवटच्या दोन दिवसांत ती फारसं बोलली नाही. एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, “दोन राहिलीत.” मी म्हटलं, “हो, मी करते.” ती म्हणाली, “करते काय. कर.”

अठरावं मी तिच्या कामावरून पुढे नेलं. ते जाळं चांगलं उतरलं. एकोणिसावं मी एकटीनं, पहिल्या गाठीपासून. ठरावीक फेऱ्यांनंतर आसांची संख्या वाढवत न्यायची असते, म्हणजे जाळं सगळीकडून सारखं पसरतं. ते गणित तिच्या बोटांत होतं, तिनं कधी कागदावर लिहिलं नाही. मला पंधराऐवजी चाळीस दिवस लागले. साहेबांनी पट्टी घातली. सगळीकडे सहा भरले. मी रकान्यात ‘सहा’ लिहिलं आणि जाळं घेऊन धक्क्यावर गेले.

बोका पायऱ्यांवर बसला होता. तीन हंगाम दुसऱ्यांच्या बिल्ल्यांशेजारी आपला बिल्ला बांधून त्यानं काढले होते. त्यानं जाळं हातात घेतलं, शेंडा चाचपला, घेर चाचपला. अठरा जाळी त्यानं इतरांच्या हातात बघितली होती. हे आत्याच्या हातचं नाही, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

“फेकून बघा,” मी म्हणाले.

तो पाण्यात उतरला. जाळं अंगावर घेतलं, कड दातांत धरली आणि फिरला. जाळं उघडलं, पण एका अंगाला. अर्ध्या बाजूनं छान पसरलं, अर्ध्या बाजूनं दुमडल्यासारखं होऊन धपकन पाण्यात गेलं.  धक्क्यावर आणखी सहा-सात जण बघत होते. 

बोक्यानं हळूहळू जाळं ओढून घेतलं. ओल्या कडेवर अडकलेलं शेवाळ काढलं. आस ताणून, एकेक करून, बघत राहिला. काही अडकलंय का ते बघत होता. मग वळूनही न बघता त्यानं उजवा पाय जरा पुढे टाकला, जाळ्याची आखूड बाजू कोपरावर घेतली आणि पुन्हा फेकलं.